नॉट इन लावलं की यादी रिकामी येतेय, पण दूध न घातलेले सभासद तर आहेत!

सांजवेळ (धागाकर्ती), सोमवार रात्री १०:५२

नमस्कार मंडळी, तांत्रिक धागा आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ पाककृती विभागात जावं.

आमच्या गावच्या दूध संस्थेचं संकलनाचं सॉफ्टवेअर मी बघते. म्हणजे मामा तिथं सचिव आहेत आणि "तू कॉम्प्युटर शिकलीयस न्हवं, मग बघ की जरा" एवढ्यावर झालेली बिनपगारी नेमणूक. मागं पोस्टग्रेस डेटाबेस आहे. दोन टेबलं महत्त्वाची. एक सभासद, त्यात सभासद_क्र, नाव, घर_क्र वगैरे, ६४० ओळी. दुसरं संकलन, त्यात तारीख, वेळ (सकाळ/संध्याकाळ), सभासद_क्र, प्रकार (गाय/म्हैस), लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग), दर. वर्षाला चार लाखाच्या आसपास ओळी होतात.

आता वार्षिक सभा आलीय आणि अख्ख्या वर्षात एकदाही दूध न घातलेल्या सभासदांची यादी पाहिजे. मी हे लिहिलं (कीवर्ड देवनागरीत लिहितेय, समजून घ्या):

सिलेक्ट नाव फ्रॉम सभासद
व्हेअर सभासद_क्र नॉट इन
(सिलेक्ट सभासद_क्र फ्रॉम संकलन
व्हेअर तारीख बिट्वीन '२०२४-०४-०१' अँड '२०२५-०३-३१')

उत्तर: शून्य ओळी. एरर नाही काही नाही, सहा-सात सेकंद रेंगाळते आणि रिकामी यादी. मामा खूश, लगेच चेअरमनना फोन, यंदा शंभर टक्के सभासदांनी दूध घातलं म्हणून. चेअरमन म्हणाले, "अहो त्या वरच्या आळीतल्याच्या दारात तीन वर्षं म्हैस नाही, त्यानं काय पिशवीतलं आणून घातलं काय?" त्या सभासदाचा नंबर टाकून संकलनमध्ये शोधलं तर खरंच एकही ओळ नाही. मग तो यादीत का येत नाही?

गंमत म्हणजे नॉट काढून नुसतं इन केलं की ५८७ नावं येतात. ६४० मधनं ५८७ गेले तर ५३ उरायला पाहिजेत ना? आणि गेल्या वर्षीच्या तारखा टाकल्या की हीच क्वेरी व्यवस्थित चालते. डोकं चालेना झालंय.

---

खवचट_खारूताई, सोमवार रात्री ११:०४

संकलनमध्ये सभासद_क्र रिकामा असलेली एखादी ओळ आहे. नसेल तर मी या संस्थळावर महिनाभर लिहिणार नाही.

---

उंडगा, सोमवार रात्री ११:०९

अवांतर: म्हशीला दर काय देतायत सध्या तुमच्याकडं?

(बाकी नल, म्हणजे काहीच न भरलेल्या जागा, आहेत का बघा, ताई बरोबर बोलतायत, पण त्या महिनाभर गप्प बसल्या असत्या तर बरं झालं असतं असं काही जणांना वाटू शकतं, मला नाही.)

---

सांजवेळ, सोमवार रात्री ११:२१

आहेत!!! २१२ ओळी! यंदा दिवाळीपासून संस्थेनं बिगर सभासदांचं दूध रोखीनं घ्यायला सुरुवात केली आणि काट्यावरचा पोरगा अशा नोंदीत नंबराची जागा सोडून देतो. गेल्या वर्षी हा प्रकार नव्हता.

पण मला अजून कळलं नाही. २१२ ओळी रिकाम्या असतील तर असूद्यात की, त्यामुळं बाकीच्या ५३ जणांचं उत्तर का बिघडावं?

---

तिसरी_पाळी, सोमवार रात्री ११:५८

ड्यूटीवर आहे, सर्व्हर शांत आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

एसक्यूएलमध्ये खरं आणि खोटं अशी दोनच उत्तरं नसतात, तिसरं एक असतं, 'माहीत नाही'. नलशी कशाचीही तुलना केली, बरोबर आहे का विचारा किंवा वेगळं आहे का विचारा, उत्तर 'माहीत नाही' हेच. आणि व्हेअर फक्त 'खरं' वाल्या ओळी पुढं सोडतो, बाकी दोन्ही प्रकार दारातच अडवतो.

आता असं समजा की तुम्ही डेटाबेस सोडून जुनी कापडी बांधणीची वही घेऊन बसलाय. मी विचारलं, १७ नंबरवाला या वहीत आहे का? तुम्ही वही चाळली, १७ दिसला, लगेच हो म्हणालात. वहीत बाकी कुठं शाई सांडलीय त्याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. हे झालं इन, म्हणून तुमचे ५८७ बरोबर आले. आता मी विचारलं, १७ नंबरवाला या वहीत नक्की नाहीये का? तुम्ही सगळी वही चाळली, १७ कुठं दिसला नाही, पण एका ओळीत नंबरावर चहा सांडलाय. तो १७ असेलही, नसेलही. प्रामाणिक कारकून असेल तर "सांगता येत नाही" म्हणणार. तोच कारकून ६४० जणांपैकी प्रत्येकाबद्दल एकतर "हा वहीत आहे" म्हणणार नाहीतर "सांगता येत नाही" म्हणणार. "हा नक्की नाही" असं तो कुणाबद्दलच म्हणणार नाही. म्हणून शून्य. त्यासाठी २१२ ओळीपण लागत नाहीत, एक पुरते.

पोटक्वेरीत, म्हणजे कंसातल्या क्वेरीत, 'अँड सभासद_क्र इज नॉट नल' घातलंत तरी आजचं काम होईल. पण तुमचा मूळ प्रश्न "या यादीतल्या प्रत्येक नंबरापेक्षा हा नंबर वेगळा आहे का" असा नव्हताच. "याच्या नावावर एकतरी ओळ आहे का" असा होता. तर तसाच विचारा:

सिलेक्ट स.नाव फ्रॉम सभासद स
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स
(सिलेक्ट १ फ्रॉम संकलन द
व्हेअर द.सभासद_क्र = स.सभासद_क्र
अँड द.तारीख बिट्वीन '२०२४-०४-०१' अँड '२०२५-०३-३१')

एक्झिस्ट्स आत डोकावतो आणि ओळ सापडली की 'खरं', नाही सापडली की 'खोटं' सांगतो, त्याच्याकडं तिसरं उत्तर नाही. चहा सांडलेल्या ओळी आतल्या व्हेअरमध्येच गळतात कारण नल = १७ हे 'खरं' होत नाही, बाहेर त्यांचा त्रास पोचत नाही.

---

मी_नवखा, मंगळवार सकाळी ७:३३

बाळबोध प्रश्न, सिलेक्ट १ मधला १ म्हणजे काय? पहिली ओळ? की पहिला कॉलम? आमच्या क्लासमध्ये सर सिलेक्ट स्टार लिहायचे.

---

खवचट_खारूताई, मंगळवार सकाळी ८:१०

काही नाही. १ म्हणजे १. एक्झिस्ट्सच्या आत सिलेक्टपुढं काय लिहिलंय हे कुणी बघत नाही, फक्त ओळ निघते का ते बघतात. स्टार लिहा, नल लिहा, एसक्यूएल सर्व्हरवर तर एक भागिले शून्य लिहिलं तरी एरर येत नाही कारण तो भागाकार करायची वेळच येत नाही. पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमध्येपण सिलेक्ट १ ही नुसती चालत आलेली पद्धत म्हणून दिलीय. स्टारने स्लो होतं हा गैरसमज.

फक्त काउंट (ओळी मोजणारा) लिहू नका. एक्झिस्ट्स (सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम संकलन व्हेअर ...) हे कायम खरंच येतं, कारण ग्रुप बाय नसेल तर काउंट नेहमी एक ओळ देतो, त्या ओळीत शून्य लिहिलेलं असलं तरी ती ओळच. मोठमोठ्यांच्या कोडमध्ये बघितलंय.

---

जॉइन_सम्राट, मंगळवार सकाळी ९:४५

एवढं कशाला रामायण, लेफ्ट जॉइन मारा (सगळे सभासद ठेवून संकलन जोडायचं, ओळ नसेल तिथं नल येतो) आणि द.सभासद_क्र इज नल. गेली दहा वर्षं मी हेच करतो, पोटक्वेरी हा प्रकारच मला आवडत नाही, वाचायला त्रास होतो.

---

तिसरी_पाळी, मंगळवार सकाळी १०:२०

चालतं की, उत्तर बरोबर येतं आणि पोस्टग्रेस दोन्हीचा प्लॅन साधारण एकच काढतो, एक्सप्लेनमध्ये (क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी आज्ञा) 'हॅश अँटी जॉइन' असं दिसेल, म्हणजे जोडीदार न सापडलेल्या ओळीच ठेवणारा जॉइन. पण दोन ठिकाणी लोक पडतात. तारखेची अट ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्या अटीतच, पाहिजे. ती सवयीनं व्हेअरमध्ये टाकलीत तर ज्याला ओळच मिळाली नाही त्याची तारीख नल, अट फेल, म्हणजे जे शोधायला निघालात तेच बाहेर. परत शून्य ओळी. दुसरं, इज नल लावायचा तो कॉलम एरवी कधीच रिकामा नसणारा किंवा जॉइनमधलाच पाहिजे, फॅटवर लावलात आणि एखाद्या दिवशी मशीन बंद होतं म्हणून फॅट भरलं नसेल तर दूध घातलेला माणूस न घातलेल्यात जाणार.

आणि उलट बाजू बघा. "ज्यांनी दूध घातलं ते" काढायला साधा जॉइन केलात तर एक सभासद वर्षात सातशे-सातशे वेळा येणार. मग एकसारख्या ओळी एकदाच घ्यायला डिस्टिंक्ट लावणार. नावांपुरतं ठीक, पण कुणीतरी म्हणालं की या लोकांचं भागभांडवल किती त्याची बेरीज द्या, तर बेरीज सातशेपट. एक्झिस्ट्समध्ये बाहेरची ओळ एकदाच येते.

---

जॉइन_सम्राट, मंगळवार सकाळी १०:३१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

जुना_जाणता, मंगळवार दुपारी १:१५

मंडळी, वेगावरून एक सांगतो. आमच्या वेळी मायएसक्यूएल ५.० आणि ५.१ असायचं तेव्हा इनमध्ये पोटक्वेरी टाकणं म्हणजे पाप होतं, कारण तो आतली क्वेरी बाहेरच्या प्रत्येक ओळीला परत परत चालवायचा, त्यामुळं "इन वाईट" हे आमच्या पिढीच्या हाडात भिनलंय आणि आम्ही ते पोरांना शिकवत बसलो. ५.६ ला सेमीजॉइन (जोडीदार आहे का एवढंच बघणारा जॉइन) आलं तिथं हा मुद्दा बराचसा संपला, पुढं ८.०.१६ मध्ये एक्झिस्ट्सलाही तीच वागणूक मिळाली आणि ८.०.१७ ला अँटीजॉइन. पोस्टग्रेसला तर २००९ च्या ८.४ पासून सेमी आणि अँटी दोन्ही जॉइन आहेत. तेव्हा नुसत्या इन आणि एक्झिस्ट्समध्ये आता वेगावरून भांडायचं कारण नाही, जे वाचायला बरं ते लिहा.

नॉट इनचं मात्र तसं नाही. नलची भानगड असल्यामुळं पोस्टग्रेसची आज सगळीकडं चालणारी व्हर्जन त्याला अँटी जॉइन करत नाहीत. आतली यादी वर्क_मेममध्ये (एका कामाला दिलेली मेमरी) मावेल असं वाटलं तर पटकन सापडावं म्हणून तिचं हॅश करतो, ती मेमरी डीफॉल्ट ४ एमबी असते, नाही मावली तर यादी घेऊन एकेकाला हुडकत बसतो. या ताईंचे सहा-सात सेकंद तिथं गेले असणार. ओरॅकलवाल्यांनी ११जी मध्ये नल चालवून घेणारा अँटी जॉइन काढला, पण तिथं वेग सुधारला, उत्तर तेच रिकामं. वर ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग म्हणजेच नल, त्यामुळं तिथं हा खड्डा जास्त वेळा लागतो.

आता खरी जखम सांगतो. एका कंपनीत होतो, नाव घेत नाही. काही खाती डिलीट करायची होती, त्यांची यादी एका तात्पुरत्या टेबलात भरलेली. क्वेरी: डिलीट फ्रॉम खाती व्हेअर खाते_क्र इन (सिलेक्ट खाते_क्र फ्रॉम यादी). साधी. पण यादी टेबलात कॉलमचं नाव खाते_क्र नव्हतं, नुसतं 'खाते' होतं. कंसातली क्वेरी एकटी चालवली असती तर असा कॉलम नाही म्हणून तिथंच मेली असती. आतमध्ये असल्यामुळं डेटाबेसनं काय केलं, आत खाते_क्र नाही ना, मग बाहेरच्या टेबलात आहे की, तोच घेतला. म्हणजे प्रत्येक खातं स्वतःच्याच नंबरात आहे का? आहे. सगळी खाती गेली. रात्री दोनला बॅकअप लावत होतो आणि बायको फोनवर विचारतेय की जेवलात का.

त्या दिवसापासून पोटक्वेरीत प्रत्येक कॉलमपुढं टेबलाचं अलायस, म्हणजे टोपणनाव. द.खाते_क्र लिहिलं असतं तर तिथल्या तिथं एरर आली असती.

---

उंडगा, मंगळवार दुपारी १:४०

काका, जेवला होतात का मग?

---

जुना_जाणता, मंगळवार दुपारी १:५२

पहाटे साडेपाचला वडापाव.

---

सांजवेळ, मंगळवार रात्री ९:१८

सगळ्यांचे आभार! नॉट एक्झिस्ट्सनं ५३ नावं आली, डोळ्याची पापणी लवायच्या आत. मामांना आधी पटेना, परत चेअरमनना फोन करायचा म्हणजे तोंड पाडून घ्यायचं.

आता लगे हाथ दुसरं. दहा दिवसांच्या बिलात एकही दिवस खाडा न करणाऱ्याला लिटरमागं थोडं जादा द्यायचं चाललंय. म्हणजे "सगळ्या दिवशी दूध घातलेले". सगळ्या साठी काही शब्द आहे का? मी काउंट(डिस्टिंक्ट तारीख) = १० केलंय पण मनाला पटत नाही.

---

खवचट_खारूताई, मंगळवार रात्री ९:३०

तिसरं बिल २१ पासून महिनाअखेरपर्यंत असतं ना? मग जुलैत ११ आणि फेब्रुवारीत ८. फेब्रुवारीत कुणालाच मिळणार नाही आणि जुलैत बरोबर एक खाडा करणाऱ्यालाच मिळणार, अकराही दिवस घालणारा बाहेर. मन बरोबर सांगतंय.

---

तिसरी_पाळी, बुधवार रात्री १२:४०

'सगळ्या' साठी सरळ शब्द नाही. कॉडच्या रिलेशनल अल्जिब्रात याला भागाकार म्हणतात, पण एसक्यूएलमध्ये तो ऑपरेटर आलाच नाही. मग दोनदा नकार द्यायचा. मराठीत म्हणून बघा: "ज्या दिवशी यानं दूध घातलं नाही असा एकही दिवस नाही." दोन 'नाही', तेवढेच दोन नॉट एक्झिस्ट्स, एकात एक:

सिलेक्ट स.नाव फ्रॉम सभासद स
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स
(सिलेक्ट १ फ्रॉम बिल_दिवस त
व्हेअर त.बिल_क्र = ७ अँड नॉट एक्झिस्ट्स
(सिलेक्ट १ फ्रॉम संकलन द
व्हेअर द.सभासद_क्र = स.सभासद_क्र
अँड द.तारीख = त.तारीख))

बिल_दिवस टेबल तुम्हाला बनवावं लागेल, प्रत्येक बिलातल्या तारखा. मग ८ असोत की ११, क्वेरीला फरक पडत नाही. फक्त एक, त्या बिलाच्या तारखाच भरायच्या राहिल्या तर "न घातलेला असा एकही दिवस नाही" हे सगळ्यांनाच लागू होतं आणि ज्याच्या दारात म्हैस नाही तोही बक्षिसाला पात्र. तर्काच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, चेअरमनना समजावणं तुमच्याकडं.

---

मी_नवखा, बुधवार सकाळी ७:५०

मी इन्सर्टच्या आधी इफ नॉट एक्झिस्ट्स करून बघतो, नोंद नसेल तरच टाकायची म्हणून. तरी मागच्या महिन्यात डबल नोंदी झाल्या. यातपण नलच का?

---

जुना_जाणता, बुधवार सकाळी ११:०५

नाही रे बाबा, नलच्या माथी सगळं मारू नकोस. दोन काउंटरवरून दोघांनी एकाच क्षणी विचारलं, नोंद आहे का? दोघांनाही 'नाही' मिळालं, दोघांनी टाकली. विचारणं आणि टाकणं यात जी फट आहे ती कितीही छान क्वेरी लिहिलीस तरी बुजत नाही. युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दोनदा येऊ न देणारा नियम) घाल आणि पोस्टग्रेस असेल तर इन्सर्टला ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग, म्हणजे आधीच असेल तर सोडून दे, ९.५ पासून आहे. ताई, तुम्हालाही सांगतो, तारीख, वेळ, सभासद_क्र आणि प्रकार या चारांवर घाला. प्रकार विसरू नका, एकच माणूस गाईचं आणि म्हशीचं दोन किटल्यांत आणतो. तुमच्या बिगर सभासदांच्या रिकाम्या नंबराला हे आड येणार नाही, पोस्टग्रेस युनिकमध्ये दोन नल वेगवेगळे धरतो. एसक्यूएल सर्व्हर असता तर नडला असता.

---

सांजवेळ, गुरुवार रात्री १०:०७

नवीन भानगड. ५३ ची यादी संस्थेच्या फलकावर लावली आणि सकाळी नऊ जण मामांच्या दारात. म्हणे आम्ही रोज दूध घालतो! बघितलं तर खरं आहे, सभासद नवऱ्याच्या नावावर पण दूध बायकोच्या नंबरावर जातं, कुठं बापाच्या नावावर आणि दूध पोराच्या. बिल तिकडं जमा होतं ना म्हणून. आता घर_क्र धरून बघायचं ठरलंय, घरातल्या कुणीही घातलं तरी चालेल. मी आत सभासद परत 'म' नावानं जॉइन केला आणि व्हेअर म.घर_क्र = स.घर_क्र लावलं. बरोबर आहे?

---

तिसरी_पाळी, गुरुवार रात्री ११:२६

जवळजवळ. घर_क्र कुणाचा रिकामा आहे का? असेल तर त्यानं स्वतः ३६५ दिवस दूध घातलं असलं तरी तो यादीत येणार, कारण रिकामं घर रिकाम्या घराशीही जुळत नाही. म्हणजे आता उलट्या बाजूनं फसाल, आधी कुणीच यादीत येत नव्हतं, आता नको तो येईल. म्हणून स्वतःच्या नंबराचं तपासणंही ठेवा. पण आतमध्ये ऑर घालू नका, ऑर आला की हॅश अँटी जॉइन गेला. दोन वेगळे नॉट एक्झिस्ट्स लिहा, मध्ये अँड. एक स्वतःच्या नंबरासाठी, एक घरासाठी.

---

सांजवेळ, गुरुवार रात्री ११:४१

केलं. ४४ आले. घर_क्र रिकामे असलेले एकूण १४ सभासद आहेत, त्यातले ३ या ४४ मध्ये. त्या तिघांचं डेटाबेसला विचारण्यात अर्थ नाही, उद्या मामांना वही घेऊन बसवते.

@उंडगा, दराचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.